व्होल्टेज आणि करंटवरून रोध आणि वॉट कसे काढायचे

गणित चौथीतलं आहे. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मिळतो, ओहममध्ये. तेच दोन आकडे गुणले की शक्ती मिळते, वॉटमध्ये. जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२७ साली मांडलेल्या नियमातून पहिलं सूत्र येतं. तरीही उत्तरं चुकतात, कारण भागायला घेतलेला आकडाच भलता असतो.

१. व्होल्टेज कुठलं ते ठरवा. ज्या भागाचा रोध हवा, त्याच्याच दोन टोकांमधलं व्होल्टेज घ्यायचं. समजा, ९ व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडी लावायचा आहे. त्यातले सुमारे २ व्होल्ट एलईडीच घेतो. त्याच्यासोबत एकसर, म्हणजे एकामागोमाग, जोडलेल्या रेझिस्टरच्या (करंट आवरणाऱ्या भागाच्या) वाट्याला ७ येतात. इथे ९ धरले की पुढचं सगळं चुकलं.

२. मोजा. व्होल्टेजसाठी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना त्या भागाच्या टोकांना लावा. करंटसाठी मात्र सर्किट एका जागी तोडून मीटर मध्येच जोडावा लागतो. लाल वायर करंटच्या भोकात विसरून व्होल्टेज मोजायला गेलात तर मीटर शॉर्टसर्किट करतो. नशीब चांगलं असेल तर फक्त त्याचा फ्यूज जातो. (माझे दोन गेलेत.) हे प्रयोग बॅटरीवरच करा. मेन्सवरच्या, म्हणजे घरातल्या प्लगवर चालणाऱ्या, उपकरणांसाठी त्यांच्या पाटीवरचे आकडे पुरेसे आहेत.

३. मिलिअँपिअरचे अँपिअर करा. १००० ने भागा. आपल्या एलईडीला २० मिलिअँपिअर हवेत, म्हणजे ०.०२ अँपिअर. ही पायरी गाळली तर रोध ०.३५ ओहम येईल, आणि तेवढाच रेझिस्टर खरंच लावला तर एलईडी क्षणात जळेल.

४. भागा, मग गुणा. ७ ÷ ०.०२ = ३५० ओहम. ७ × ०.०२ = ०.१४ वॉट. नेमका ३५० चा रेझिस्टर सहसा मिळत नाही. ३९० चा घ्या, प्रकाश किंचित कमी पडेल. पाव वॉटचा रेझिस्टर ही उष्णता आरामात सोसतो. वॉट काढायचे ते यासाठीच: ओहम बरोबर असूनही वॉट कमी पडले तर रेझिस्टर करपतो.

आता उलट बाजूने. हीटरच्या पाटीवर २३० व्होल्ट, १००० वॉट लिहिलंय. १००० ÷ २३० म्हणजे ४.३५ अँपिअर, आणि २३० ÷ ४.३५ म्हणजे जवळपास ५३ ओहम. हाच हीटर ११५ व्होल्टवर लावला तर किती वॉट? बहुतेक जण ५०० म्हणतात. पण व्होल्टेज निम्मं झालं की करंटही निम्मा होतो, त्यामुळे उरतात २५०.

तारेच्या जुन्या बल्बपाशी मात्र गोंधळ होतो. ६० वॉटच्या बल्बचा रोध या हिशेबाने सुमारे ८८० ओहम येतो, पण बल्ब काढून मीटरने मोजला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच दिसतो. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो, आणि आपण मोजली ती थंड तार.

पंखा किंवा पंप असेल तर एसीवर (घरातल्या मेन्सच्या, दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर) व्होल्टेज गुणिले करंट हे व्होल्ट-अँपिअर झाले. त्याला पॉवर फॅक्टरने (त्यातला किती हिस्सा खरी शक्ती आहे ते सांगणाऱ्या, एकापेक्षा कमी आकड्याने) गुणल्यावर खरे वॉट मिळतात, आणि ते कमीच भरतात.