मॅक नसताना आयफोनचे ॲप

आयफोनसाठीचे ॲप बांधायला लागणारे एक्सकोड फक्त मॅकओएसवर चालते, आणि मॅकओएस फक्त ॲपलच्याच यंत्रावर चालवावी अशी ॲपलच्या परवान्याची अट आहे. विंडोजवर आभासी यंत्र उभारून त्यात मॅकओएस बसवण्याचे मार्ग सर्रास सांगितले जातात. पण ते ही अट मोडतात आणि अद्ययावतीकरण आले की अनेकदा कोलमडतात, म्हणून त्यांच्या वाटेला न गेलेले बरे. खरे तर मॅकची गरज केवळ बिल्ड (कोडपासून ॲप बांधणे) आणि स्वाक्षरी (ॲप कोणाचे हे सिद्ध करणारी डिजिटल सही) या टप्प्यांपुरती असते, आणि तेवढ्यासाठी तो भाड्याने मिळतो.

कोड लिहिण्यासाठी फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह निवडावे; एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप्स बनवणारी ही साधने आहेत. दोन्ही विंडोज आणि लिनक्सवर चालतात, त्यामुळे पडदे, तर्क आणि सर्व्हरशी होणारा संवाद यांची तपासणी अँड्रॉइड एम्युलेटरवर (संगणकावरच्या आभासी फोनवर) उरकता येते. रिॲक्ट नेटिव्ह घेतल्यास एक्स्पो गो हे ॲप आयफोनवर घ्यावे. फोन आणि संगणक एकाच वायफायवर असले की क्यूआर कोड स्कॅन करताच आपले काम खऱ्या आयफोनवर दिसते. मात्र एक्स्पो गोमध्ये आधीपासून नसलेली नेटिव्ह लायब्ररी (फोनच्या यंत्रणेशी थेट बोलणारा तयार कोड) वापरायची असेल, तर स्वतंत्र बिल्ड करावीच लागते.

नवखे लोक अडतात ते स्वाक्षरीपाशी, म्हणून हे काम शेवटावर न ढकलता रिकामे ॲप हाती असतानाच करावे. टेस्टफ्लाइट (चाचणीसाठी ॲप वाटण्याची ॲपलची सेवा) आणि ॲप स्टोअरसाठी ॲपलचे वर्षाला 99 डॉलरचे डेव्हलपर सदस्यत्व घ्यावे लागते. स्वाक्षरीसाठी ॲपलकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि त्याच्या विनंतीसाठी मॅकवरील कीचेन (किल्ल्या व पासवर्ड सांभाळणारी सोय) लागते असा समज आहे. प्रत्यक्षात विंडोजवरही ओपनएसएसएल या मोफत साधनाने 2048 बिटची खाजगी की आणि तिच्यावरून विनंतीची फाइल तयार होते. ती फाइल ॲपलच्या संकेतस्थळावर चढवून वितरणाचे प्रमाणपत्र उतरवावे, ते पेम या मजकूर स्वरूपात बदलावे आणि खाजगी कीसह पी12 फाइलमध्ये बांधावे. ओपनएसएसएलची 3 किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर या शेवटच्या आज्ञेत ‘लेगसी’ हा पर्याय द्यावा, नाहीतर पासवर्ड अचूक असूनही मॅकची कीचेन फाइल नाकारते. (या एका शब्दापायी माझी अख्खी संध्याकाळ गेली आहे.) त्यानंतर ॲपचा बंडल आयडी (ॲपचे एकमेव ओळखनाव) नोंदवून ॲप स्टोअर प्रकारचे प्रोव्हिजनिंग प्रोफाइल (ॲप आणि प्रमाणपत्र यांची सांगड घालणारी फाइल) उतरवावे. अपलोडसाठी लागणारी एपीआय की (बाहेरच्या सेवेला आपल्या खात्यात प्रवेश देणारी किल्ली) ॲप स्टोअर कनेक्ट या ॲपलच्या संकेतस्थळावर एकदाच उतरवता येते. ती लगेच सुरक्षित ठिकाणी ठेवावी.

आता बिल्ड. गिटहब ॲक्शन्स आणि कोडमॅजिक या सेवा दूरस्थ मॅक पुरवतात. पी12, तिचा पासवर्ड, प्रोफाइल आणि एपीआय की तेथे गुप्त चलांत (सेवेच्या सेटिंग्जमधील लपवलेल्या नोंदींत) साठवाव्यात, रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) कधीही ठेवू नयेत. एक्स्पोची ईएएस बिल्ड सेवा प्रमाणपत्रे स्वतःच तयार करते, म्हणून ती वापरणाऱ्याला वरचा ओपनएसएसएलचा खटाटोप टाळता येतो. गिटहबवर खाजगी रिपॉझिटरीसाठी मॅकचे मिनिट लिनक्सच्या मिनिटापेक्षा कितीतरी महाग पडते. तेव्हा चाचण्या लिनक्सवर चालवाव्यात आणि मॅकची बिल्ड फक्त टॅग (कोडच्या आवृत्तीला दिलेली खूण) लावल्यावरच सुरू होईल अशी मांडणी करावी. विंडोजवर लिहिलेल्या शेल स्क्रिप्टमधील ओळींचे शेवट मॅकला चालत नाहीत, म्हणून गिटला (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाला) ते एलएफ (मॅक व लिनक्सवरील ओळ संपवण्याचे चिन्ह) ठेवण्यास सांगावे. प्रत्येक अपलोडला बिल्ड क्रमांक वाढवण्याचे विसरू नये.

चढवलेली बिल्ड टेस्टफ्लाइटमधून आयफोनवर येते आणि 90 दिवस चालते. कॅमेरा उघडताच ॲप बंद पडले, तर कॅमेऱ्याच्या वापराचे कारण इन्फो पीलिस्ट या ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये लिहिले आहे का, हे आधी पाहावे. इतर बिघाडांच्या नोंदी फोनच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयतेखालील ॲनालिटिक्स डेटात सापडतात. त्या संगणकावर पाठवून वाचता येतात. पहिल्या पडद्याआधीच ॲप कोसळत असेल आणि नोंदींतूनही उलगडा होत नसेल, तर दिवसभरासाठी एखाद्याचा मॅक मागून घेणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.