आठ टाकली, चारच दाखवायलंय

जुलैत पीक विम्याची धांदल चालू असताना जिंतूरकडचा एक सेवा केंद्रवाला पोरगा सीपीयू गाडीला बांधून माझ्या दुकानी आला. "दादा, चार जीबीवर चारची अजून एक रॅम टाकली, पण पीसी चारच दाखवायलंय. फॉरमॅट मारू का?"

थांब म्हणलं. फॉरमॅटचा उपयोग एकाच बाबतीत होतो, ते पुढं सांगतो.

आधी बायोस बघायचं, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंगचं पान. कॉम्प्युटर चालू करताना डिलीट नाहीतर एफ२ दाबत राहा. बहुतेक बोर्डांत पहिल्याच पानावर रॅमचा आकडा असतो. तिथं ८ दिसली आणि विंडोजमधे कमी, तर रॅम चांगली आहे, घोळ सेटिंगचा. तिथंच ४ असली तर डबा खोला.

सेटिंगचं लवकर उरकतं. विंडोज ३२ बिट असेल तर मेमरीतल्या जागांना द्यायला ४ जीबीच्या वर पत्तेच नाहीत. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि बाकीचे भाग घेतात, म्हणून ३.२५ च्या आसपासच वापरता येते. मोंढ्यात गाळ्यांचे नंबर ठरावीक; काही ऑफिसला अन् काट्याला गेले की उरलेले व्यापाऱ्याला, तसं. इथं मात्र ६४ बिट विंडोज नव्यानं टाकावंच लागतं. ६४ बिट असूनही कमी दिसत असेल तर रनमधे एमएसकॉन्फिग (msconfig) टाका, बूटमधे जाऊन ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडा आणि मॅक्झिमम मेमरीपुढची टिक काढा. व्हिडिओ बघून 'स्पीड वाढवायला' ती टिक मारलेले लई जण येतात. ८ पैकी ७.८ वापरता येत असेल तर काही बिघडलेलं नाही, तेवढी बोर्डावरचं ग्राफिक्स घेतं.

आता डबा. वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. दोन्हीकडच्या खिट्या दाबल्या की रॅम वर येते. सोनेरी पट्ट्यांवरून साधं खोडरबर हलक्या हातानं फिरवा आणि चुरा बाहेरच झटका. स्लॉटमधे, म्हणजे रॅम बसते त्या फटीत, तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते. रंगकामाचा कोरा ब्रश फिरवा. मानवतच्या एका जिनिंगमधल्या मुनीमजींचा पीसी असाच आला होता. टॉर्च मारला तर स्लॉटच्या तळाशी रुईचा एक तंतू आडवा बसलेला. चिमट्यानं काढला, ८ आली. मुनीमजींनी तो तंतू कागदात बांधून मालकाला दाखवायला नेला.

बसवताना खाच जुळवा, दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईस्तोवर दाबा. खाच जुळंना तर जोर लावू नका, डीडीआर म्हणजे रॅमची पिढी, डीडीआर ३ च्या बोर्डात डीडीआर ४ ची रॅम बसतच नाही. जुन्या बोर्डांना मर्यादाही असते: जी४१ चिपसेटच्या बोर्डाला ८ जीबी, एच६१ च्या बोर्डाला १६. त्या मर्यादेच्या वरच्या रॅमला पैसे घालू नका.

तरी जमंना तर एकेक रॅम एकेका स्लॉटमधे लावून बघा. दोन रॅम, दोन स्लॉट, चार वेळा चालू-बंद. कंटाळवाणं आहे, पण हे न करता नवी रॅम आणणारा गडी हमखास दोनदा बाजारात जातो. एकच रॅम दोन्हीकडं रुसली तर रॅम गेली. दोन्ही रॅम एकाच स्लॉटमधे रुसल्या तर स्लॉट बघा, आणि त्याच्याआधी प्रोसेसर, कारण आताच्या बोर्डांत रॅमचा कारभार प्रोसेसरच बघतो.

त्या पोराचं तेच निघालं. दुसऱ्या स्लॉटमधे दोन्ही रॅम मुक्या. कोणीतरी आधी प्रोसेसरवरची, उष्णता ओढणारी पेस्ट बदलताना प्रोसेसर तिरपा बसवला होता. भिंग धरलं तर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटातली एक पिन वाकलेली, ज्वारीच्या रानात एखादं ताट आडवं पडावं तशी. सरळ करायला गेलं तर तुटायची भीती, म्हणून मी हात लावला नाही. त्याच्या दोन्ही चारच्या ठेवून घेतल्या, वरचे पैसे घेऊन आठची एकच रॅम चालू स्लॉटमधे बसवली. दोन रॅमच्या जोडीपेक्षा जरा हळू चालंल, एवढं त्याला सांगितलं. "चालंल दादा, फॉर्म भरले म्हंजी झालं," म्हणत त्यानं सीपीयू परत गाडीला आवळला.