माळ्यावरची जुनी उपकरणे: काय ठेवावे, काय काढावे

घर रंगवायला काढले, बदली झाली किंवा दिवाळीची आवरासावर सुरू झाली, की माळ्यावरून एकेक वस्तू खाली उतरू लागते: व्हीसीआर, टेपरेकॉर्डर, पाठीमागे कुबड असलेला टीव्ही, बंद पडलेला संगणक आणि जुन्या मोबाइलांनी भरलेला बिस्किटांचा डबा. घरात लगेच दोन पक्ष पडतात. एकाला सगळे आजच्या आज भंगारात घालायचे असते आणि दुसऱ्याचे ‘लागेल कधीतरी’ सुरू होते. वस्तू किती जुनी आहे, तिला किती पैसे मोजले होते आणि ती अजून चालते का, एवढ्यावरच हा वाद रंगतो. खरे तर सर्वांत आधी पाहायला हवे ते वेगळेच: या उपकरणावाचून ऐकता, पाहता किंवा वाचता येणार नाही असे काही घरात आहे काय? असेल, तर ते बाहेर काढून होईपर्यंत उपकरण ठेवावे, मग ते कितीही कालबाह्य असो. नसेल, तर ते ठेवण्यासाठी दुसरे ठोस कारण सांगता आले पाहिजे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट टीव्हीवर दाखवणारे यंत्र. ही यंत्रे बनवणारी शेवटची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. त्यामुळे आज जी यंत्रे शिल्लक आहेत, तेवढीच. घरात लग्नाची, मुंजीची किंवा आजीच्या पंचाहत्तरीची एक जरी कॅसेट असेल, तरी आधी व्हीसीआर टाकून मग कॅसेटचे काय करायचे ते पाहू, हा क्रम उलटा आहे. प्रथम कॅसेट उजेडात धरून खिडकीतून दिसणारी फीत पाहावी. मग कडेचे छोटे बटण दाबून पुढची झडप उचलावी आणि तिथली फीतही तपासावी. रिळाच्या कडेवर पांढुरकी, पिठासारखी पूड किंवा ठिपके दिसले, तर ती बुरशी असते. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या कॅसेटींवर ती हमखास आढळते. अशी कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये, कारण बुरशी यंत्रातल्या, फीत वाचणाऱ्या फिरत्या हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी. स्वच्छ दिसणारी कॅसेट शक्यतो दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून मगच चालवावी. परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटी असतील तर आणखी एक पेच असतो: टीव्हीचे चित्र नोंदवण्याची आपल्याकडची पद्धत पाल आणि अमेरिकेतली एनटीएससी, त्यामुळे दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआर हाती असेल, तर त्याचे मोल अधिक समजावे.

कॅसेटचे संगणकावरच्या फाइलीत रूपांतर करण्यासाठी व्हीसीआरच्या मागच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल भोकांतून वायर काढून ती यूएसबीच्या छोट्या डबीमार्फत संगणकाला जोडता येते. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, त्यात घाई करण्याची सोय नाही. हे जमणारे नसेल, तर बऱ्याच शहरांतले फोटो स्टुडिओ कॅसेटमागे ठरावीक पैसे घेऊन हे काम करून देतात. तयार झालेल्या फायली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहाव्यात. त्यानंतर मात्र व्हीसीआरला घरात जागा अडवण्याचा अधिकार उरत नाही. तो चालू स्थितीत असेल तर ज्यांच्या कॅसेटी अजून बाकी आहेत अशा कोणाला द्यावा.

गाण्यांच्या आणि आवाजाच्या छोट्या कॅसेटींना हाच न्याय लागू होतो, फक्त तिथे टेपरेकॉर्डर दुरुस्त होण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. मोटार फिरते पण कॅसेट हलत नाही, अशी तक्रार बहुधा सैल किंवा चिकट झालेल्या रबरी बेल्टची असते आणि तो बेल्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत चौकशी केल्यास मिळू शकतो. बाजारात विकत मिळणाऱ्या गाण्यांच्या कॅसेटींवर वेळ घालवू नये, कारण त्यांतली बहुतेक गाणी आता इतरत्र ऐकता येतात. आजोबांचे कीर्तन, मुलांचे बोबडे बोल, घरी झालेली मैफल यांना मात्र अग्रक्रम द्यावा. अशा कॅसेटच्या मागच्या कडेवरचे प्लास्टिकचे दोन छोटे चौकोन शाबूत असतील तर ते आधी मोडून टाकावेत, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी वर दुसरे काही भरले जाणार नाही.

संगणकाच्या बाबतीत प्रश्न दुहेरी असतो: आतले आपल्याला हवे असते आणि ते इतरांच्या हाती पडायला नको असते. फाइल ‘डिलीट’ केल्याने तिची केवळ नोंद पुसली जाते, मजकूर डिस्कवर तसाच राहतो आणि तो परत काढण्याची साधने सहज मिळतात. बँकेची पासबुके, आधार आणि पॅन यांच्या स्कॅन केलेल्या प्रती, मुलांचे फोटो हे सगळे अशा डिस्कवर असते. ज्यांना पुसण्याच्या सॉफ्टवेअरची माहिती नाही त्यांनी खटपट न करता डेस्कटॉपचे एक बाजूचे झाकण उघडून, स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर घ्यावी आणि ती स्वतःपाशी ठेवावी. उरलेला संगणक निर्धास्तपणे देता येतो. विंडोज १० या प्रणालीला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, म्हणून चांगला चालणारा संगणक लगेच मोडीत काढण्याचे कारण नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालून तो पत्रव्यवहारासाठी आणि मुलांच्या अभ्यासासाठी वापरता येतो. मात्र जुन्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करत राहणे हा अव्यवहार आहे.

मोबाइलमध्ये फोटोंखेरीज एक गोष्ट हटकून विसरली जाते, ती म्हणजे एखाद्या खात्यात शिरण्यासाठी संकेतांक दाखवणारे ॲप. ते नव्या फोनवर आणल्याशिवाय जुना फोन पुसू नये. देऊन टाकण्यापूर्वी सिम आणि मेमरी कार्ड काढावे, गूगलचे किंवा ॲपलचे खाते फोनमधून हटवावे आणि मग फॅक्टरी रीसेट करावे, म्हणजे फोन कोरा करावा, कारण खाते तसेच ठेवून रीसेट केल्यास पुढच्या माणसाकडे तो कुलूपबंद राहतो. बटणांचे जुने साधे फोन बहुधा २जीवर चालतात. जिओचे जाळे २०१६मध्ये सुरू झाले तेच ४जीवर, त्यामुळे त्या सिमला असे फोन निरुपयोगी असतात. मागचे झाकण फुगून उचलले गेले असेल तर विचार करण्याचे कारणच नाही: तो फोन चार्जिंगला लावू नये, बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि तो घंटागाडीत तर अजिबात टाकू नये, कारण कचरा दाबताना अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

जुन्या काचनळीच्या टीव्हीविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो काढावा. सेट टॉप बॉक्सच्या तीन वायरींवर तो चालतो हे खरे, पण नवी बहुतेक साधने एचडीएमआय ही वेगळी, एकाच वायरीची जोडणी मागतात आणि तेवढ्यासाठी आणखी एक डबी विकत घेणे म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर जड. त्याच्या काचेत शिसे असते आणि बंद केल्यावरही आत उच्च दाबाचा विद्युतभार राहू शकतो, म्हणून तो घरी उघडू नये.

याउलट सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर मी कोणाला टाकू देणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा तिथल्या कित्येक गावांत दीर्घकाळ वीज नव्हती आणि मोबाइलचे मनोरेही बंद पडले होते. अशा वेळी बातमी आणायला रेडिओच उपयोगी पडतो. फक्त सेल त्यात घालून ठेवू नयेत, ते पाझरून पत्र्या खाऊन टाकतात.

जी उपकरणे टाकलेलीही नाहीत आणि वापरातही नाहीत, पण प्लगला लावलेली आहेत, त्यांचा खर्च मोजता येतो. एका युनिटला मीटरचा दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवर छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर तो ३२०० असतो. घरातले बाकी सगळे बंद करून केवळ संशयित उपकरणे लावलेली ठेवावीत आणि १० मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. ३२००च्या मीटरवर तो १६ वेळा लुकलुकला, तर ३० वॅट सतत जात आहेत, म्हणजे महिन्याला २१ ते २२ युनिटे. बिलावरच्या दराने गुणले की निर्णय आपोआप होतो.

अडॅप्टरांच्या गुंत्यासाठी फार वेळ देऊ नये. ज्याचे उपकरण घरात नाही तो काढावा. ठेवायचाच असेल तर त्याचे व्होल्ट उपकरणाइतकेच, अँपिअर तितके किंवा जास्त आणि पिनेची धन-ऋण बाजू तीच असल्याची खात्री करून त्यावर उपकरणाचे नाव लिहावे.

काढायचे ठरले की कोणाला द्यायचे हा प्रश्न येतो. चालू वस्तूच दान करावी. बंद मिक्सर किंवा टीव्ही घरकामाच्या ताईंच्या गळ्यात घालणे म्हणजे आपला कचरा त्यांच्या खोलीत नेऊन ठेवणे होय. भंगारवाला दोन पैसे देतो, पण तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात, टीव्हीच्या काचनळीची मान मोडून तांबे काढले जाते आणि शिशाची काच कुठेतरी ओतली जाते. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार ही जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक सेवेकडे संकलनाची चौकशी करावी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांची यादी असते, आणि पुण्यात स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्थाही ई-कचरा स्वीकारते. नवी वस्तू घेताना एक्स्चेंजमध्ये जुनी दिली, तर ती पुढे कुठे जाते हे दुकानदाराला विचारावे. कुठेही देताना पावती मागावी. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेताना त्याच विक्रेत्याला परत द्यावी. मोबाइलच्या सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावून त्या बाकी सामानापासून वेगळ्या पिशवीत, ‘बॅटरी’ असे लिहून सोपवाव्यात.