हातावरचे डाग बायोडेटात नव्हते

2009 च्या जूनमध्ये माझा मेकॅनिकल डिप्लोमाचा निकाल लागला आणि पंधरा दिवसांत मी कराडहून पुण्याला आले. आदल्या वर्षीच्या मंदीचा वाहन उद्योगाला जबर फटका बसला होता, आमच्या कॉलेजात कॅम्पसला कुणी फिरकलंच नव्हतं. निगडीला मावशीकडे राहायचं, सकाळी बसनं भोसरी गाठायची आणि एमआयडीसीतल्या एकेका गेटवर बायोडेटा देत फिरायचं, असा दिनक्रम होता. वॉचमन काका कागद घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवायचे. चाळीस झेरॉक्स संपल्या, मग आणखी चाळीस काढल्या. फोन कुठूनच आला नाही.

तो बायोडेटा सायबर कॅफेवाल्यानं करून दिला होता. त्याच्याकडे एक तयार फाइल होती, त्यात फक्त नाव, पत्ता आणि मार्क बदलायचे. वर ऑब्जेक्टिव्ह, त्याखाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, उंची, अविवाहित, छंद आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र. आपल्याकडे लग्नाच्या कागदालाही बायोडेटा म्हणतात आणि नोकरीच्या कागदालाही, त्यामुळे एकातला मजकूर दुसऱ्यात सहज शिरतो. माझी उंची कंपनीला कशाला हवी, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. सगळे असंच लिहितात, एवढंच ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये वॉक-इन होता. मुलाखत घेणारे साहेब पन्नाशीचे होते. त्यांनी माझा कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, पालथा ठेवला आणि माझ्या उजव्या हाताकडे बघत विचारलं, "हे डाग कसले?"

"वेल्डिंगच्या ठिणग्यांचे, सर."

"वेल्डिंग कुठं केलंस?"

मामाचं उसाच्या ट्रॉल्या बांधायचं वर्कशॉप होतं. मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी मी तिथंच असायचे. चॅनेलवर मार्किंग, ड्रिलिंग, ग्राइंडर, मामा शेजारी असला की टाके मारणं. त्यांनी विचारलं, रॉड कुठली वापरायचात? मी म्हटलं, एरवी 3.15 मिलिमीटरची, पातळ पत्र्याला 2.5 ची. पुढची वीस मिनिटं आम्ही फक्त ट्रॉलीबद्दल बोललो. शेवटी ते म्हणाले, "मग यातलं इथं काहीच का नाही?"

"ते घरचं काम होतं, सर."

"काम घरचं की दारचं, ते मला नको. तू काय केलंस ते मला हवं."

ती माझी पहिली नोकरी. तपासणी विभागात, ट्रेनी म्हणून. हातावरचे डाग त्यांना दिसले म्हणून ती मिळाली. पण ज्या ऐंशी ठिकाणी फक्त कागद गेला, तिथं डाग दिसायची सोयच नव्हती. याची हळहळ मला आजही वाटते, आणि समोर एखाद्या फ्रेशरचा तसाच कोरा कागद आला की ती पुन्हा वर येते.

आता मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे आणि ट्रेनी निवडताना बायोडेटे माझ्याकडे येतात. ते कसे वाचले जातात, हे नव्या मुलांना कळलं पाहिजे. एका जागेसाठी शंभराच्या आसपास अर्ज येतात. एचआरवाले त्यातले पन्नासेक पाठवतात. मी ते बहुतेक वेळा मोबाइलवर बघते, शॉपवरून केबिनकडे येताना किंवा चहाच्या सुट्टीत. स्क्रीनवर पहिल्यांदा पानाचा वरचा तिसरा भाग दिसतो. तिथं जर 'आव्हानात्मक वातावरणात स्वतःचा व संस्थेचा विकास साधण्यासाठी' हेच वाक्य असेल, जे आधीच्या वीस जणांच्या कागदावरही होतं, तर माझं बोट खाली सरकतं. मुलगा वाईट आहे असं मनात येत नाही, त्याच्याबद्दल मनात काहीच येत नाही. नुकसान तिथंच होतं.

त्या जागी दोन ओळी पुरतात. डिप्लोमा कशातला, कुठल्या वर्षी, हातानं काय करता येतं, कुठल्या कामासाठी अर्ज केलाय. 'मेकॅनिकल डिप्लोमा, 2024. लेथवर टर्निंग केलं आहे, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर वापरता येतो. सध्या चाकणला राहतो, लगेच रुजू होऊ शकतो.' यातलं शेवटचं वाक्य मुलं हमखास विसरतात. गावचा पत्ता पाहून एचआरला वाटतं, याची राहायची सोय कधी होणार आणि हा कामावर कधी येणार.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या मुलाचा बायोडेटा माझ्याकडे आला. मुलगा संगमनेरकडचा, नुकताच डिप्लोमा झालेला. प्रोजेक्टखाली एकच ओळ होती: 'कांदा प्रतवारी यंत्राची रचना व निर्मिती, यशस्वीरीत्या पूर्ण.' मी त्याला फोन लावला. म्हटलं, बायोडेटा बाजूला ठेव, मशिन कसं बनवलं ते मला सांग.

आधी तो पुस्तकी बोलायला लागला. 'आमच्या ग्रुपनं असं केलं, ग्रुपनं तसं केलं.' मी अडवलं. ग्रुपचं नको, तू काय केलंस? मग हळूहळू निघालं. ड्रमची शाफ्ट त्यानं स्वतः लेथवर ओढली होती. 6205 चं बेअरिंग बसवायचं, म्हणजे शाफ्ट 25 मिलिमीटर हवी. पहिली शाफ्ट बेअरिंगच्या जागी एक दशांश मिलिमीटर बारीक झाली, बेअरिंग सैल फिरायला लागलं, म्हणून ती टाकून दुसरी केली आणि या खेपेला प्रत्येक कटनंतर मायक्रोमीटर लावला. मशिन चालू झाल्यावर आणखी एक भानगड. 1440 आरपीएमची मोटर, पुढे 30 ला 1 चा गिअरबॉक्स, म्हणजे ड्रम मिनिटाला 48 फेरे घेत होता. कांदे आपटून त्यांची सालं निघायला लागली आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदे, नीट खाली पडायच्या ऐवजी मोठ्या कांद्यांबरोबर पुढं जायला लागली. मग त्यानं गिअरबॉक्सवर 3 इंची आणि ड्रमवर 6 इंची पुली बसवली. फेरे 24 वर आले आणि सालं निघायची कमी झाली.

हे सगळं तो मला दहा मिनिटं एका दमात सांगत होता. बायोडेटात यातला एक शब्द नव्हता. मी विचारलं, का नाही लिहिलंस? तो म्हणाला, "मावशी, पहिली शाफ्ट वाया गेली हे कसं लिहायचं? आणि इंग्रजीत हे सगळं जमतही नाही."

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण गावाकडून आलेल्या आपल्या मुलांचं खरं दुखणं ते आहे. बायोडेटा इंग्रजीत हवा म्हणून मुलं विचारच इंग्रजीत करायला बसतात, आणि ती भाषा हाताशी नसली की दुसऱ्याच्या कागदावरची तयार वाक्यं उचलतात. त्या वाक्यांत त्यांचं स्वतःचं काहीच उरत नाही. मी त्याला सांगितलं, आत्ता मला जे सांगितलंस ते तसंच मराठीत वहीत लिही. मग त्यातल्या चार ओळी निवड. मग त्यांचं साधं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी कर. क्रियापद आधी: केलं, मोजलं, बदललं, जोडलं. अवघड शब्द एकही नको. शेवटी प्रोजेक्टखाली चार ओळी राहिल्या: 25 मिमी शाफ्ट लेथवर टर्न केली, 6205 बेअरिंगचं फिटिंग मायक्रोमीटरनं तपासलं, सालं निघत होती म्हणून पुली बदलून ड्रमचा वेग 48 वरून 24 आरपीएमवर आणला, चार जणांच्या ग्रुपमध्ये शाफ्ट आणि ड्राइव्हची जबाबदारी माझी.

शेवटची ओळ मी आग्रहानं घालायला लावली. ग्रुप चौघांचा होता हे लपवायचं नाही, पण आपला वाटा कुठला तेही दिसलं पाहिजे.

बायोडेटातली प्रत्येक ओळ म्हणजे समोरच्याला दिलेलं प्रश्नाचं आमंत्रण असतं. 'नॉलेज ऑफ सीएनसी' असं लिहिलेलं दिसलं की मी विचारते, मशिनच्या प्रोग्राममधल्या जी झिरो झिरो आणि जी झिरो वन यांत फरक काय? पहिल्यात टूल नुसतं वेगानं जागेवर जातं, दुसऱ्यात ठरलेल्या फीडनं कटिंग होतं. पाच मिनिटं मशिनवर उभा राहिलेला मुलगाही हे सांगतो. व्हर्निअर लिहिलं असेल तर लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, विचारते. 0.02 मिलिमीटर हे उत्तर न आल्यावर मुलांचे चेहरे उतरतात, आणि पुढे ज्या गोष्टी त्यांना खरोखर येतात त्याही धड सांगता येत नाहीत. म्हणून सॉफ्टवेअरची लांबलचक यादी नको. कॅटिया, सॉलिडवर्क्स, अन्सिस असं ओळीनं लिहिण्यापेक्षा 'ऑटोकॅड: बेअरिंग हाउसिंगची ड्रॉइंग काढली' हे एक पुरेसं आहे.

अनुभवाच्या बाबतीत खोटं तर अजिबात नको. अनुभवाचं बनावट पत्र करून देणारे लोक भेटतात. पण पीएफच्या यूएएन क्रमांकावर कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होता हे दिसतं, आणि पडताळणीत पकडला गेलेला मुलगा त्या कंपनीत पुन्हा उभा राहू शकत नाही. त्याउलट खरा अनुभव मुलं लपवतात. मामाचं वर्कशॉप, गावातलं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, शेतातल्या पंपाची दुरुस्ती, गॅरेज. हे सगळं लिहा, महिने लिहा, काम लिहा. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली एक वर्ष अप्रेंटिसशिप केली असेल तर ती शिक्षणाच्या कोपऱ्यात टाकू नका, अनुभव म्हणूनच वर घ्या. ते वर्ष तुम्ही शॉपवर घालवलेलं असतं.

इयर डाऊन झालं असेल तर वर्षं जशी आहेत तशी लिहावीत. अधलं वर्ष गाळलं की तीच जागा आधी डोळ्यात भरते. त्या वर्षात काही काम केलं असेल तर ते तिथंच लिहा. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर विचारल्यावर एका वाक्यात सांगा. मी स्वतः असं वर्ष गेलेली मुलं निवडली आहेत आणि ती उत्तम काम करतात.

बाकी गोष्टी थोडक्यात. फ्रेशरला एक पान पुरतं. धर्म, जात, उंची, वजन, वडिलांचा व्यवसाय काढून टाका. मुलींनो, वैवाहिक स्थितीही काढा, मी काढली आणि काही अडलं नाही. खासगी कंपनीसाठी प्रतिज्ञापत्राच्या दोन ओळींची गरज नसते, तिथं प्रोजेक्टची एक ओळ जास्त बसेल. सरकारी जागेचा ठरावीक नमुना असेल तर मात्र तो मुकाट्यानं पाळायचा. ईमेलचा पत्ता स्वतःच्या नावाचा असू द्या, आणि फोन नंबर बदललात तर बायोडेटातही त्याच दिवशी बदला. एका चांगल्या मुलीला आम्ही तीन दिवस बंद नंबरवर फोन लावत होतो, मग जागा दुसऱ्याला गेली.

दोन कॉलमचे, रंगीत पट्ट्यांचे, कौशल्याला तारे दिलेले नमुने टाळा. मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या पोर्टलवर आधी सॉफ्टवेअर कागद वाचतं, आणि कॉलममधला मजकूर त्याला उलटसुलट दिसू शकतो. तपासायची सोपी युक्ती आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथं ओळी क्रमानं आल्या तर ठीक. काहीच सिलेक्ट होत नसेल तर तुमची पीडीएफ म्हणजे फक्त फोटो आहे. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घेतलेल्या बायोडेट्यांचं हेच होतं.

फाइलचं नाव 'न्यू रेझ्युमे फायनल 2' असं नको, आपलं नाव आणि पद असू द्या. ईमेलचा विषय रिकामा सोडू नका, आणि आत चार ओळी तरी लिहा. जाहिरातीत 'इनवर्ड इन्स्पेक्शन', म्हणजे बाहेरून आलेल्या मालाची तपासणी, असं लिहिलं असेल आणि तुम्हाला मोजमापाचं काम येत असेल तर तोच शब्द तुमच्या कागदावर दिसू द्या. एकच कागद पन्नास ठिकाणी पाठवण्यापेक्षा दहा ठिकाणी, दर वेळी वरच्या दोन ओळी त्या कामाला जुळवून पाठवा. यात वेळ जातो, पण फोन यायला लागतात.

भाच्याला रांजणगावला मुलाखतीला बोलावणं आलं. घरी आल्यावर त्यानं फोन केला. त्याला विचारलेला पहिलाच प्रश्न होता, "ही शाफ्ट पहिल्या झटक्यात जमली का?" त्यानं सैल बेअरिंगची गोष्ट सांगितली. साहेबांनी पुढं विचारलं, बारीक झालंय हे कळलं कसं? मग दोघांचं बराच वेळ मायक्रोमीटरवर बोलणं झालं.

आता तो तिथं तपासणीला लागलाय. मी त्याला एक वही घालायला सांगितली आहे. रोज घरी गेल्यावर दोन ओळी, मराठीत, आकड्यांसकट. वर्षानं दुसरीकडे अर्ज करायची वेळ आली की आठवणीवर हवाला ठेवायला नको. दर शनिवारी तो मला त्यातलं एक पान फोटो काढून पाठवतो. परवाच्या पानावर प्लग गेजचं, म्हणजे भोकाचं माप तपासायच्या दांडीचं, काम होतं; तिची 'गो' बाजू भोकात जायलाच हवी. त्यानं लिहिलं होतं: '200 नग प्लग गेजनं तपासले. 7 नगांत गो बाजू जाईना. बोअर लहान. सेटरला बोलावलं, इन्सर्ट झिजला होता. बदलल्यावर पुढचे 20 सलग तपासले, सगळे ओके.'