हिवाळ्यात एकटीनं सांतियागोची वाट धरायची तर

कामिनो म्हणजे स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलपर्यंतची, तिथल्या मोठ्या चर्चपर्यंतची, पायी यात्रा. हिवाळ्यात तिची आखणी करताना किलोमीटर मोजायला बसू नका. त्या रात्री कुठलं दार उघडं असेल ते आधी शोधा, पावलांचा हिशोब नंतर. उन्हाळ्यात स्पेनच्या या वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर यात्रेकरूंची धर्मशाळा असते, तिला आल्बेर्गे म्हणतात. नोव्हेंबर लागला की त्यातल्या बऱ्याच कुलूपबंद होतात, काही थेट ईस्टरपर्यंत. पुस्तकांतले टप्पे बहुतेक उन्हाळा धरून आखलेले असतात. डिसेंबरात तेच टप्पे धरलेत तर संध्याकाळी पावसात बंद दारापुढं उभं राहायची वेळ येते.

मी साताऱ्यात भूगोल शिकवायचे. आमच्याकडच्या बायका विचारतात, "वारी केलीय, मग हे काय अवघड?" चालण्याची सवय कामाला येते, खोटं कशाला बोलू. पण वारीत दिंडीचा ट्रक सामान नेतो, मुक्कामाला तंबू उभा असतो, पंगत बसते आणि पुढंमागं माणूसच माणूस. इथं ओझं आपल्या पाठीवर, आणि दिवसभरात एखादं माणूस भेटलं तर भेटलं. सांतियागोच्या यात्रेकरू कार्यालयानं २०२४ मध्ये जवळपास पाच लाख लोकांना 'कोम्पोस्तेला' हे प्रमाणपत्र दिलं, त्यातले जानेवारीतले काही हजारच. हा एकांत हवा असेल तरच हिवाळा निवडा. नाहीतर सरळ मे महिन्यात जा, उगाच हाल करून घेऊ नका.

वाट कुठली आणि किती

प्रसिद्ध फ्रेंच वाट फ्रान्समधल्या साँ-झाँ-प्ये-द-पोर गावातून निघते आणि सुमारे ७८० किलोमीटर चालून सांतियागो दे कोम्पोस्तेलाला पोचते. पिरेनीज ओलांडणारी तिची वरची वाट, नेपोलियनची वाट, १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते. ही सूचना नाही, बंदी आहे. मोडली तर दंड होतो आणि सुटकेला पथक बोलवावं लागलं तर तो खर्चही आपल्या माथी येऊ शकतो. त्या पाच महिन्यांत बालकार्लोसच्या दरीतून जायचं. ही वाट बऱ्याच ठिकाणी एन-१३५ या गाडीरस्त्याला धरून आहे आणि शेवटी १०५७ मीटरवरच्या इबान्येता खिंडीतून रॉन्सेस्वायेसला उतरते. एका दमात चोवीस-पंचवीस किलोमीटर आणि तोही चढ. बालकार्लोस गावातलं आल्बेर्गे उघडं असल्याची खात्री झाली तर तिथं थांबून दोन दिवसांत करा.

पहिल्यांदाच हिवाळ्यात जाणाऱ्या बाईला मात्र मी साँ-झाँ सुचवत नाही. सुट्टी दोन आठवड्यांची असेल तर सारियाहून निघा. तिथून सांतियागो सुमारे ११५ किलोमीटर. प्रमाणपत्रासाठी शेवटचे १०० किलोमीटर पायी पुरतात, आणि गालिसिया प्रांत सरकारची आल्बेर्गे बहुतांशी बारमाही असल्यानं रात्रीची चिंता कमी. दुसरा पर्याय पोर्तुगालमधल्या पोर्तोहून येणारी वाट, साधारण २४० किलोमीटर. मोठा डोंगर नाही, बर्फाची भीती जवळजवळ नाही, पाऊस मात्र भरपूर. महिनाभर मोकळा असेल तर लेओनहून निघा, सुमारे ३१० किलोमीटर. त्यात दोन डोंगर लागतात, त्यांचं पुढं सांगते.

बुर्गोस ते लेओनचं पठार अनेकजण कंटाळवाणं म्हणून बसनं ओलांडतात. मला ते आवडलं, पण हिवाळ्यात तिथं धुकं उतरतं, वारा अडवायला झाड नसतं आणि पहाटे पारा सहज शून्याखाली जातो. याच पठारावरच्या कारियोन गावानंतर काल्सादिया दे ला क्वेसापर्यंत सतरा किलोमीटर एकही गाव नाही. त्या दिवशी पाणी आणि खाणं पिशवीत असल्याशिवाय गाव सोडायचं नाही.

उजेडाचं गणित

डिसेंबरअखेर सांतियागोला सूर्य सकाळी नऊच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर मावळतो. मास्तरीण असल्यानं कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही: हा भाग ग्रीनिचच्या पश्चिमेला साडेआठ अंशांवर आहे, पण १९४० मध्ये फ्रँकोच्या राजवटीत स्पेनची घड्याळं तासभर पुढं केली गेली, ती मध्य युरोपच्या वेळेवर तशीच राहिली. म्हणून साताऱ्याच्या सवयीनं पाचला उठून काही साधत नाही. साडेआठला डोक्याला टॉर्च बांधून निघा, चारच्या आत मुक्कामाला पोचा. यात मधल्या विश्रांतीसकट अठरा ते बावीस किलोमीटर बसतात. त्याहून लांबचा टप्पा कागदावर आला तर आखणी बदला.

पाठीच्या पिशवीवरून घालायचं चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट मात्र घ्याच. स्पेनमध्ये गावाबाहेरच्या रस्त्यावर अंधारात किंवा धुक्यात चालताना अंगावर प्रकाश परावर्तित करणारं काहीतरी असणं कायद्यानं बंधनकारक आहे.

व्हिसा

शेंगेन व्हिसाचं शुल्क ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी व्हायलाच हवा. डिसेंबरात जायचं तर सप्टेंबरातच कागद गोळा करा, नाताळच्या सहलीवाल्यांची रांग तुमच्या पुढं लागण्याआधी. पॅरिसला उतरून साँ-झाँहून निघणार असाल तरी बहुतेक दिवस स्पेनमध्ये जातात, म्हणून अर्ज स्पेनकडेच. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. त्यात डोंगरातली सुटका धरली आहे का, ते एजंटला तोंडी विचारू नका, पॉलिसीत वाचा.

खरी अडचण मुक्कामाच्या पुराव्याची. सरकारी आल्बेर्गेत आधी जागा राखून ठेवता येत नाही, आणि व्हिसावाल्यांना बुकिंग हवं असतं. त्यावर उपाय असा: वाटेतल्या मोठ्या शहरांत, म्हणजे पाम्प्लोना, लोग्रोन्यो, बुर्गोस, लेओन आणि सांतियागोत, रद्द करता येणाऱ्या खोल्या खरोखर घ्या. मधल्या दिवसांचा तक्ता गाव, अंतर आणि आल्बेर्गेच्या नावासकट एका पत्रात लिहा आणि पायी यात्रा आहे हे पहिल्याच ओळीत सांगा. बनावट बुकिंग करून देणारे खूप भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

ओझं

पिशवी पाण्यासकट आठ किलोच्या आत बसवा. हिवाळ्यात हे कठीण जातं, कारण झोपण्याची पिशवी शून्य ते पाच अंशांना पुरेल अशी लागते आणि ती जड असते. पांघरूण सगळीकडे मिळेलच असं नाही. एक जाड कोट घेण्यापेक्षा लोकरीचे दोन पातळ थर, वर फ्लीस आणि त्यावर पाठपिशवीसकट झाकणारा पाँचो. सुती काही नको, जीन्स तर नकोच; एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. जानेवारीत जाणार असाल तर सगळं इथूनच विकत नेऊ नका. ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की स्पेनभर सेल लागतो, आणि पाम्प्लोना, बुर्गोस, लेओन या शहरांत चांगले हातमोजे, मोजे मिळतात. बूट मात्र घरून पायाला रुळवूनच न्या.

सराव आमच्या गावात फुकट होतो. भरलेली पिशवी घेऊन अजिंक्यतारा चढा, आणि जुलैत यवतेश्वर घाटातून कासच्या दिशेनं भर पावसात चाला. गालिसियाचा पाऊस तसाच, फक्त बोटं गारठवणारा. पाँचो कुठून गळतो ते घाटात कळलेलं बरं.

बुटांचं एक काम रोज संध्याकाळी न चुकता करायचं. पाम्प्लोनाच्या पुढं पेर्दोनच्या टेकडीवर आणि पुढंही बऱ्याच ठिकाणी चिकणमाती असते; पावलागणिक तळव्याला थर चढत जातो आणि बूट अर्धा किलोनं जड होतो. मुक्कामाला पोचल्यावर माती काडीनं खरवडायची, आतला तळवा आणि नाड्या काढायच्या, आणि गावातल्या बारमधून (तिथं बार म्हणजे कॉफी आणि खाणंही मिळणारं ठिकाण) कालचं वर्तमानपत्र मागून त्याचे बोळे बोटांच्या टोकापर्यंत कोंबायचे. तासाभरात कागद ओलाचिंब होतो. तो काढून कोरडा भरायचा, झोपताना पुन्हा एकदा. बूट हीटरला टेकवून ठेवू नका, तळवा सुटतो.

रोज संध्याकाळचा फोन

हिवाळ्यात उघड्या असणाऱ्या आल्बेर्गेंच्या याद्या इंटरनेटवर मिळतात. त्या घ्या, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. आदल्या संध्याकाळी पुढच्या मुक्कामी फोन करून "एस्ता आब्येर्तो मान्याना?" एवढंच विचारायचं, म्हणजे उद्या उघडं आहे का. 'सेर्रादो' ऐकू आलं तर बंद. गरम हवेची सोय विचारायची तर 'कालेफाक्सियोन'. स्पेनमध्ये व्हॉट्सॲप सर्रास चालतं, बोलायची भीती वाटली तर लिहून विचारा. सिमकार्ड घेताना पासपोर्ट लागतो.

बुर्गोस आणि लेओनसारख्या शहरांत बिछाना मिळतोच. अडचण मधल्या खेड्यांची. कधी दारावर चिठ्ठी असते, चावी शेजारच्या बारमध्ये. कधी अख्ख्या इमारतीत तुम्ही एकट्याच. ओस्पितालेरो, म्हणजे धर्मशाळा सांभाळणारा, यात्रेच्या पुस्तकात शिक्का मारून, दाराच्या कुलपाचा आकडा सांगून घरी निघून जातो. मला त्याची भीती वाटली नाही, पण ज्यांना वाटेल त्यांनी अशा रात्री जवळच्या साध्या हॉटेलात खोली घ्यावी. त्यासाठी दिवसाला चाळीस-पन्नास युरो धरून वर थोडे राखून ठेवा. घरच्यांना रोज मुक्कामाचं गाव कळवा. आणीबाणीला ११२, आणि स्पेनच्या गृहमंत्रालयाचं अलर्टकॉप्स हे ॲप फोनवर घालून ठेवा.

२४ डिसेंबरची संध्याकाळ, २५ डिसेंबर, ३१ ची रात्र, १ आणि ६ जानेवारी या दिवशी खेड्यात दुकान, बार, बस काहीच धरू नका. ते दिवस शहरात काढा.

पोटाचं

शाकाहारी माणसाचे हाल होतात, पण उपाशी कोणी मरत नाही. बटाट्याचं तोर्तिया बहुतेक बारमध्ये मिळतं, त्यात अंडं असतं. मसुराच्या आमटीत चोरिसो आणि गालिसियाच्या भाजीच्या सूपमध्ये डुकराची चरबी असू शकते, म्हणून "सिन कार्ने" एवढं सांगून थांबू नका. हॅम आणि ट्यूनाला तिथं कोणी मांस मोजत नाही, ते नावानिशी नको म्हणून सांगा. रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी क्वचितच मिळतं.

घरून काय न्यायचं? युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तेव्हा तूप नाही, आणि सातारकरांनी कंदी पेढे घरीच ठेवावेत. मेतकूट, कोरडी शेंगदाण्याची चटणी आणि तिखटमीठ घालून भाजलेला रवा चालतो. रव्यात उकळतं पाणी ओतलं की उपमा. एक छोटं सपाट बुडाचं पातेलं बरोबर असू द्या. गालिसियातल्या सरकारी आल्बेर्गेत स्वयंपाकघर चकचकीत असतं, शेगडी असते आणि भांडं एकही नसतं.

दोन डोंगर

आस्तोर्गानंतर क्रूस दे फेर्रोचा सुमारे १५०० मीटरचा माथा आणि त्यापुढं ओ सेब्रेइरो, सुमारे १३०० मीटर. दोन्हीकडे बर्फ पडतो आणि वाट दाखवणारे पिवळे बाण त्याखाली जातात. नियम सोपा आहे: आदल्या रात्री स्पेनच्या हवामान खात्याचा, आएमेतचा, इशारा बघायचा. नारिंगी किंवा लाल असेल तर एक दिवस खालीच थांबायचं. पिवळा असेल तर ओस्पितालेरोला विचारून ठरवायचं. निघालात आणि पायवाट दिसेनाशी झाली तर गाडीरस्ता धरा. क्रूस दे फेर्रोला एलई-१४२ हा रस्ता वाटेच्या आसपासच राहतो, ओ सेब्रेइरोहून त्रियाकास्तेलाकडे उतरताना एलयू-६३३. गाडीरस्त्यानं गेलं म्हणून यात्रा कमी पडत नाही. या अडकून पडण्यासाठी परतीच्या तिकिटाआधी तीन-चार दिवस मोकळे ठेवा. हे मोकळे दिवस नसलेली आखणी मला दाखवूच नका.

पोचल्यावर

यात्रेकरूचं शिक्क्यांचं पुस्तक, क्रेदेन्सियाल, सुरुवातीच्या गावी मिळतं. शेवटच्या १०० किलोमीटरमध्ये रोज दोन शिक्के घ्या. हिवाळ्यात बार बंद असले तर चर्च, पेट्रोलपंप, नगरपालिका, कुठलाही चालतो. कार्यालय रुआ दास कार्रेतास या रस्त्यावर आहे, प्रमाणपत्र फुकट, आणि जानेवारीत रांग जवळजवळ नसते. पाठपिशवी कॅथेड्रलमध्ये नेऊ देत नाहीत. छताला टांगलेली मोठी धूपदानी, बोताफुमेइरो, झुलताना पाहायची असेल तर ८, २५ किंवा ३० डिसेंबर किंवा ६ जानेवारी साधा.

एक लक्षात असू द्या: २५ जुलै, म्हणजे संत याकोबाचा (स्पॅनिशमध्ये सांतियागोचा) सण, रविवारी येतो ते वर्ष पवित्र वर्ष मानतात, आणि २०२७ तसं आहे. कॅथेड्रलचं पवित्र दार ३१ डिसेंबर २०२६ ला उघडेल. त्या हिवाळ्यात नेहमीपेक्षा गर्दी असेल, सांतियागोतली खोली लवकर घ्या.

परतीला माद्रिदपर्यंत वेगवान रेल्वे आहे. चालायच्या काठ्या विमानात हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, म्हणून त्या चेक-इनच्या पिशवीत घाला. पिशवी चेक-इन करायची नसेल तर सांतियागोच्या आल्बेर्गेत ठेवून द्या, पुढच्या कोणालातरी उपयोगी पडतात.