जुन्नर पट्ट्यात बिबट्याचा माग काढताना या चुका टाळा

जंगलातल्या सफारीत शिकलेला गाईड जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे आला की पहिले काही दिवस हमखास गडबडतो. इथे कोअर (अभयारण्याचा राखीव गाभा) नाही, गेट नाही, आखलेला रूट नाही. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. खायला कुत्री, शेळ्या, डुकरं आहेतच. त्यामुळे माग काढायचा तो बांधावर, गाडीवाटेवर आणि चारीच्या (शेताला पाणी नेणाऱ्या पाटाच्या) कडेला. आणखी एक, गावात कुणी ‘वाघ दिसला’ म्हणालं तर तो बिबट्याच. पाहुण्यांना पट्टेरी वाघाची आशा लावू नका.

सगळ्यात जास्त चुका ठशात होतात. चार बोटं दिसली की ‘बिबट्या’ म्हणून मोकळं व्हायचं, ही त्यातली पहिली. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून ठशात नखं उमटत नाहीत. कुत्र्याची आणि तरसाची उमटतात. मात्र कडक धुळीत कुत्र्याचं नखही कधीकधी उठत नाही. तेव्हा गादी (बोटांमागचा मोठा मऊ तळवा) बघा: बिबट्याच्या गादीची मागची कड तीन गोलसर फुगवट्यांची असते आणि बोटं गादीभोवती थोडी तिरकी बसलेली असतात. कुत्र्याचा ठसा दोन्ही बाजूंनी सारखा आणि लांबट. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. मोठ्या बिबट्याचा ठसा साधारण 7 ते 8 सेंटिमीटर रुंद भरतो. पण तोच पाय ओल्या चिखलात पडला की ठसा पसरतो आणि मादीचा ‘भला थोरला नर’ होतो. म्हणून माप कडक जमिनीवरच्या ठशाचं घ्या. एकावर समाधान मानू नका, सलग चार-पाच ठसे मोजा.

ठसा किती ताजा, हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा आजूबाजूच्या घड्याळांवरून ठरवा. ठशाच्या आत दवाचे बारीक खड्डे पडले असतील तर जनावर दव पडण्याआधी गेलंय. दवाने बसलेली धूळ ठशापुरतीच फुटून खालची कोरडी माती दिसत असेल, तर ते दवानंतर गेलंय. पहाटेची दुधाची गाडी किती वाजता येते, हे डेअरीवर विचारा. टायरच्या नक्षीवर ठसा असेल तर बिबट्या गाडीच्या नंतरचा. चारीतल्या चिखलात ठसा असेल तर शेतकऱ्याला विचारा, मोटर रात्री किती वाजता बंद झाली? उत्तर मिनिटापर्यंत मिळतं, कारण वीज रात्रीची असली की तो स्वतःच दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलेला असतो.

ठशाचा फोटो काढायला उसाच्या कडेला वाकून किंवा उकिडवं बसणं ही मात्र धोक्याची चूक. वाकलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही, लहान भक्ष्यासारखा दिसतो. संध्याकाळी तर हे करूच नका. एकाने वाकायचं असेल तर दुसऱ्याने उसाकडे तोंड करून उभं राहायचं आणि मोठ्याने बोलत राहायचं.

आवाजांचंही तसंच. एकटी टिटवी ओरडली म्हणून गाडी वळवू नका, ती माणसावरही ओरडते. सातभाई पक्ष्यांचा कलकलाट आणि कुत्र्यांचं भुंकणं पाच मिनिटांच्या आत एकाच दिशेकडून आलं तर थांबण्यात अर्थ आहे. भुंकणारी कुत्री अचानक गप्प होऊन शेपूट पायात घालून ओट्याशी आली, तर आणखी चांगलं.

बिबट्या दिसला की गाडी त्याच्या पुढे घालणं, ही सवय कशी लागते कळत नाही. तो ज्या फडाकडे (उसाच्या शेताकडे) निघालाय ती वाट मोकळी सोडा, इंजिन बंद करा, निदान शंभर फूट लांब राहा. कान मागे पडले, शेपूट आपटायला लागली, अंग जमिनीला टेकलं, की शांतपणे मागे सरका. पांढरा झोत डोळ्यांत मारू नका. लाल फिल्टर लावा आणि प्रकाश पायांजवळ ठेवा.

पाहुण्यांनी पैसे दिलेत म्हणून कोंबडी बांधणं किंवा हाका घालून, म्हणजे आरडाओरडा करून हुसकावत, बिबट्याला बाहेर काढणं हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दातच आमिष लावणं आणि हुसकावणं येतं, आणि बिबट्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे. गोळी झाडली नाही, ही सबब चालत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात फडात पिल्लं सापडतात. आई सोडून गेली असं समजून ती उचलू नका. आई बहुतेक वेळा जवळच्याच फडात असते. तोड थांबवायला सांगा, गर्दी हटवा आणि 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनवर कळवा. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसं पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. त्या रात्री त्या शेताकडे एकही गाडी नेऊ नका, स्वतःचीसुद्धा.