मश्रूम कढईत टाकण्याआधी उन्हात ठेवा
बाजारातली बटन मश्रूम अंधाऱ्या खोलीत वाढतात, त्यामुळे त्यांत ड जीवनसत्त्व जवळपास नसतंच. अर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य मात्र भरपूर असतं, आणि ऊन लागलं की त्याचं ड-२, म्हणजे ड जीवनसत्त्वाचाच एक प्रकार, बनतो. म्हणून दुपारी १२ च्या सुमारास काप करून ताटात एकेरी पसरा, गच्चीत अर्धा-पाऊण तास ठेवा. अख्खी ठेवायची तर दांडा वर, टोपीखालचे पापुद्रे आभाळाकडे. खिडकीच्या काचेआडचं ऊन इथे कुचकामी. हवे असलेले अतिनील किरण नेमके काचच अडवते. कापांच्या कडा थोड्या सुकून तपकिरी होतील, त्यानं काही बिघडत नाही, उलट परतताना पाणी कमी सुटतं. चमचाभर तेल घालाच, कारण ड जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं. ढगाळ दिवशी हा खटाटोप नको.